पुरस्कार आणि न दिसणारं काम

‘सल्लागार अभियंत्यांच्या संघटनेचे पुरस्कार म्हणजे आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांना घातलेले हार’ हे मत मला अर्धंच पटतं. ठेकेदार पूल बांधतो, मालक फीत कापतो, आराखडा करणाऱ्या सल्लागाराची आकडेमोड फायलीत राहते. ती वाचू शकणारा परीक्षक त्याच व्यवसायातला असणार.

मला खुपतं ते वेगळंच. अशा पुरस्कारासाठी पाठवायच्या एका प्रवेशिकेवर मी काम केलं होतं. आमचं सगळ्यात चांगलं काम म्हणजे पायाचा आराखडा पुन्हा तपासून वाचवलेलं काँक्रीट. त्याचा फोटो काय काढणार? शेवटी दर्शनी भागाचेच फोटो लावले.

न दिसणाऱ्या कामाचं आणखी एक उदाहरण. न्यूयॉर्कचा सिटीकॉर्प टॉवर ही गगनचुंबी इमारत १९७७ मध्ये पूर्ण झाली. पुढच्याच वर्षी तिच्या सांगाड्याचा आराखडा करणारे संरचना सल्लागार विल्यम लेमेझुरिअर यांच्या लक्षात आलं, की कोपऱ्यावर येणाऱ्या तिरक्या वाऱ्यात बोल्टचे सांधे कमी पडतील. त्यांनी स्वतः मालकांना सांगितलं, आणि रात्रीच्या पाळ्यांत सांध्यांवर पोलादी पट्ट्या वेल्ड झाल्या. आपली चूक आपणच शोधून दुरुस्त करण्यासाठी पुरस्काराचा एक विभाग हवाच. मात्र लोकांना ही गोष्ट १९९५ मध्ये कळली, ते मला पटत नाही. त्या विभागात माहिती खुली केल्याची अट घालावी.