मदत हवी आहे: बाबांना चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो, तरी मोतीबिंदू कसा?

सिंहगडरोडकर
लवकर उत्तर हवं आहे. शुक्रवारी डॉक्टरांकडे परत जायचंय आणि बाबा हटून बसलेत. मागच्या खेपेला डॉक्टर मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करून घ्या म्हणाले. बाबांचं म्हणणं, नजर गेलेल्या माणसाला वाचता येत नाही आणि मला तर आता वाचायला चष्मासुद्धा लागत नाही. हे खरंच आहे, मी समोर बसून पाहिलंय. छोट्या जाहिराती, शब्दकोडं, औषधाच्या पट्टीमागचं बारीक अक्षर, सगळं नुसत्या डोळ्यांनी वाचतात. पण स्वारगेटच्या बसची पाटी मात्र बस पुढ्यात येईपर्यंत दिसत नाही. चष्मेवाल्याने लांबचा नंबर बदलून दिला होता, तोही आता चालेना. डोळे सुधारतायत की बिघडतायत? ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच लिहायचं असेल तर कृपया लिहू नका.

अनुभवी_आबा
करून टाका. माझे दोन्ही डोळे झालेत. टाका नाही, दुखत नाही, त्याच दिवशी घरी. लेन्स मात्र जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी इंपोर्टेड मल्टिफोकलच घ्या, पैशाकडे बघू नका.

धायरीची_सई
वय किती? मधुमेह? एकाच डोळ्यात आहे की दोन्ही? डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलंय ते टाका, त्याशिवाय कोण काय सांगणार?

सिंहगडरोडकर
वय ७१. दोन्ही डोळ्यांत आहे, उजव्यात जास्त. कागदावर ‘एनएस ३’ असं दिसतंय. शुगर आहे, पण गोळ्या चालू आहेत, त्याचा इथे संबंध नाही. माझा प्रश्न वाचण्याचा आहे.

नेत्रमित्र
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर आणि चष्म्याचा नंबर तपासणारा. शुगरचा संबंध आहे, पण आधी तुमचा प्रश्न.

एनएस म्हणजे न्यूक्लिअर स्क्लेरोसिस, भिंगाच्या गाभ्यातला मोतीबिंदू; पुढचा आकडा तो किती वाढलाय ते सांगतो. डोळ्यातल्या भिंगाला आयुष्यभर बाहेरच्या बाजूने नवे तंतू फुटत राहतात आणि जुने आत, मध्यभागी दाबले जातात. तिथली प्रथिनं जन्मापासूनची, ती बदलली जात नाहीत. दूध नासल्यावर गुठळ्या धरतात तशी ती वयानुसार एकमेकांना चिकटतात. मधला गाभा कडक आणि पिवळट, पुढे तपकिरी होतो. असा दाट झालेला गाभा प्रकाश जास्त वळवतो, म्हणून डोळ्याला मायनस नंबर येतो. लांबचं धूसर आणि जवळचं स्पष्ट. चाळिशीनंतर लागलेला वाचायचा प्लस नंबर या मायनसने भरून निघतो आणि चष्मा सुटतो.

म्हणजे बाबांचा चष्मा मोतीबिंदूनेच सोडवलाय. डोळा सुधारलेला नाही. गाभा आणखी गढूळ झाला की जवळचंही जाणार.

पर्वतीपायथा
बसच्या पाट्यांचं म्हणाल तर त्या मला चाळिशीतही दिसत नाहीत. इलेक्ट्रॉनिक पाटीवरची अक्षरं सरकत असतात, थांब्याचं नाव पुरतं वाचून होईस्तोवर बस निघून जाते. यावर वेगळा धागा काढायला हवा.

आज्जीचा_बटवा
ऑपरेशनची इतकी घाई कशाला? आमच्याकडे पांढऱ्या कांद्याचा रस आणि शुद्ध मध समप्रमाणात, रात्री एकेक थेंब. माझ्या मावशीचा मोतीबिंदू वाढायचा थांबला. सुश्रुतांच्या देशात जन्मून आपण लगेच मशीनकडे धावतो याचं वाईट वाटतं.

नेत्रमित्र
कृपया कोणीही हे करू नका. गढूळ झालेलं भिंग परत स्वच्छ करणारा थेंब आजवर सिद्ध झालेला नाही. घरचा मध निर्जंतुक नसतो. कांद्याच्या रसाने बुबुळावर जखम झाली आणि तिच्यात जंतू गेले तर जी नजर उरलीय तीही जाईल. मावशींचा मोतीबिंदू सावकाश वाढणाऱ्यांपैकी असेल, तसे पुष्कळ असतात.

पर्वतीपायथा
आणि सुश्रुतसंहितेत यावर शस्त्रक्रियाच दिली आहे! कफज लिंगनाशात (मोतीबिंदूचं तिथलं नाव) शलाका, म्हणजे सळई, डोळ्यात घालून अडथळा बाजूला करायचा. भिंग बाजूला गेलं की उजेड आत शिरायचा, पण जागेवर भिंगच नाही म्हणून सगळं धूसर. ती उणीव भरून निघाली १९४९ साली. लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी पाहिलं होतं की युद्धात वैमानिकांच्या डोळ्यात घुसलेले विमानाच्या छताचे अ‍ॅक्रिलिकचे तुकडे डोळा मुकाट सहन करतो. त्यावरून त्यांनी त्याच पदार्थाचं भिंग बसवलं. ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घ्यायची फेको पद्धत १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी आणली. सुश्रुतांचा अभिमान असेल तर त्यांच्या नावावर कांदा खपवू नये.

आज्जीचा_बटवा
मी अनुभव सांगितला, सक्ती केली नाही. भाषा सांभाळा.

जुनी_पेठ
बटव्याचं सोडा, पण मोतीबिंदू पूर्ण पिकू द्यावा हे तर डॉक्टरच सांगायचे. माझ्या आजोबांना चार वर्षं थांबवलं होतं.

नेत्रमित्र
तेव्हा ते बरोबर होतं, कारण मोठा छेद घेऊन भिंग काढायचे आणि पिकलेलं काढणं सोयीचं पडायचं. फेकोत उलट आहे. गाभा जितका कडक, तितकी जास्त ऊर्जा लागते आणि बुबुळाच्या आतल्या पेशींना तितका त्रास. फार पिकला तर फुगतो, झिरपतो, डोळ्याचा दाब वाढतो. याचा अर्थ उद्याच करा असा नाही. रोजच्या कामात अडायला लागलं की वेळ झाली.

मीनल_क
धागाकर्त्याने रंगांचं विचारलेलं नाही, तरी लिहिते, कारण आमच्या लक्षात फार उशिरा आलं. सासूबाईंचा एनएसच होता. पांढरे कपडे त्यांना पिवळट दिसायचे, म्हणून त्या सासऱ्यांच्या सदऱ्यांना नीळ वाढवत गेल्या. सदरे आकाशी झाले तरी त्यांचं म्हणणं, अजून कळकट दिसतायत. आम्ही साबण बदलून बघितला. एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी आळीपाळीने एकेक डोळा झाकून तोच सदरा पाहिला आणि बादलीतलं निळीचं पाणी स्वतः ओतून दिलं. माणसाला आपलं काय कमी झालंय ते हळूहळू होत असल्यामुळे कळतच नाही. तुमच्या बाबांना म्हणूनच पटत नाहीये, त्यांच्यावर चिडू नका.

धायरीची_सई
माझ्या आईचं अगदी उलट होतं. दम्यासाठी बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या, त्यामुळे भिंगाच्या मागच्या बाजूला मधोमध डाग. तिला संध्याकाळी बरं दिसायचं आणि दुपारी उन्हात काहीच नाही, कारण उजेडात बाहुली आकसते आणि डाग बरोबर वाटेत येतो. वाचणं सगळ्यात आधी गेलं. अंधाऱ्या खोलीत तक्त्यावर ६/९, म्हणजे जवळपास पूर्ण नजरेइतकं, वाचायची, म्हणून घरचे म्हणायचे ‘चांगलं दिसतंय की’. पण पांढऱ्यावर काळं अक्षर वाचणं वेगळं आणि कोटा फरशीच्या जिन्यात शेवटच्या पायरीची कड दिसणं वेगळं.

सिंहगडरोडकर
नेत्रमित्र, धन्यवाद, आत्ता कुठे उलगडा झाला. पण बाबांना पटवू कसं? आणि शुगरचं काय म्हणत होतात?

नेत्रमित्र
समोरच्या भिंतीवर कॅलेंडर लावा. लांबचा चष्मा घालून, एक डोळा तळव्याने झाकून वाचायला सांगा, मग दुसरा. दोन डोळे मिळून भागवत असतात, वेगळे केले की फरक कळतो.

शुगर वर-खाली झाली की भिंगात पाणी शिरतं आणि नंबर तात्पुरता बदलतो. म्हणून शुगर स्थिर नसताना नवा चष्मा करू नका. दुसरं, डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) तपासून घ्या. पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेला असेल तर नुसतं भिंग बदलून नजर पूर्ण येणार नाही, आणि हे आधी माहीत असलेलं बरं. स्कूटर चालवतात का? आणखी कोणत्या गोळ्या?

सिंहगडरोडकर
चालवतात, संध्याकाळी भाजी आणायला. समोरून गाडीचा दिवा आला की कडेला थांबतात. गोळ्या: बीपी, शुगर आणि रात्री लघवीच्या त्रासासाठी एक.

धायरीची_सई
संध्याकाळची स्कूटर आजपासून बंद करा. आणि लघवीच्या गोळीचं नाव लिहा.

सिंहगडरोडकर
टॅमसुलोसिन. हे डोळ्याच्या डॉक्टरांना सांगितलेलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

नेत्रमित्र
शुक्रवारी पहिल्यांदा हेच सांगा. या गोळीने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा (आयरिस, मागचा नव्हे) सैल पडतो, ऑपरेशनच्या वेळी फडफडतो आणि बाहुली मध्येच आकसते. सर्जनला आधी माहीत असलं की ते तयारीत राहतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. परिणाम बंद केल्यावरही राहतो, आणि इकडे लघवी अडायची.

रोहित_कर्वेनगर
माझं वय ३४. लेसिक (चष्मा घालवायचं लेसर ऑपरेशन) केलं तर पुढे मोतीबिंदू लवकर होतो का?

नेत्रमित्र
नाही. पण लेसिकनंतर भविष्यातल्या भिंगाचा नंबर काढणं अवघड जातं. आजचे रिपोर्ट जपून ठेवा.

अनुभवी_आबा
मल्टिफोकलचं कोणी बोललं नाही. मला जवळचं-लांबचं दोन्ही दिसतं.

नेत्रमित्र
आबा, तुम्हाला लाभली, छान. पण त्या भिंगात उजेड वाटला जातो, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि पडदा खराब असेल तर बसवूच नये. यांच्या वडिलांना शुगर आहे, पडदा पाहिल्याशिवाय ठरवता येणार नाही.

त्याहून महत्त्वाचं, साधी लेन्स लांबच्यासाठी बसवली तर वाचायचा चष्मा परत लागेल. बाबांना हे आधी कळलं नाही तर ‘ऑपरेशनने माझं वाचन घालवलं’ असं म्हणतील, तशी माणसं मी पाहिली आहेत. वाचन जास्त प्रिय असेल तर जवळच्यासाठी नंबर ठेवून लांबचा चष्मा घालण्याचा पर्यायही असतो. त्यांना स्वतः डॉक्टरांशी बोलू द्या.

जुनी_पेठ
खर्चाची अडचण असेल तर महंमदवाडीचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे, ससूनमध्येही नेत्रविभाग आहे. विचारून बघा.

सिंहगडरोडकर
खर्चाचा प्रश्न नाही. कॅलेंडरचं करून पाहिलं. डाव्या डोळ्याने तारखा वाचल्या. उजव्याने महिन्याचं नावही लागेना, तर त्यांनी तळवा काढून चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. आता म्हणतायत, वाचायचा चष्मा लागणार की नाही ते डॉक्टरांनी आधी सांगावं, मग तारीख ठरवू. गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत भरून ठेवल्या आहेत. शुक्रवारी अजून काय न्यायचं?

धायरीची_सई
जुने चष्मे आणि त्यांचे नंबर लिहिलेले कागद, अलीकडचा शुगरचा रिपोर्ट, आणि काळा गॉगल. पडदा तपासायला थेंब घालतील, मग काही तास बाहुली मोठी राहते आणि उजेड सोसत नाही. स्कूटर घरीच ठेवा, रिक्षाने न्या.