गावरान, देशी की सरळ? बियाण्याच्या पाकिटावरचे शब्द

कुंडीवाली

मंडळी, एका शब्दानं माझा एक हंगाम वाया घालवला, म्हणून हा धागा.

गेल्या वर्षी टोमॅटोच्या बियांचं पाकीट आणलं. दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत 'गावरान', खाली नऊवारीतली बाई, टोपली, मागे डोंगर. टोमॅटो छान आले. मी दोन फळं झाडावरच पार मऊ होऊ दिली, गर वाटीत काढून दोन दिवस आंबवला, वर आलेला बुळबुळीत थर धुऊन टाकला, तळाशी बसलेलं बी ताटलीत सावलीत वाळवलं. अगदी पद्धतशीर. यंदा त्यातली सहा रोपं लावली. दोन गुडघ्याएवढीच राहिली, एक गच्चीच्या कठड्यावरून शेजाऱ्यांकडे निघालंय, एकाला बोराएवढी फळं, एकाची साल चामड्यासारखी. सहाव्याचे टोमॅटो तेवढे आईवर गेलेत.

जुनं पाकीट शोधलं. मागे, किमतीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: 'एफ-१'. म्हणजे हायब्रीडच.

तर प्रश्न असा. इंग्रजीत 'हेअरलूम' (पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं) आणि 'ओपन पॉलिनेटेड' (संकरित नसलेलं) असे दोन वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे दोन्हींना सरसकट गावरान किंवा देशी म्हणतात. नेमके शब्द कोणते? दुकानात काय मागायचं?

शब्दपारखी

'ओपन पॉलिनेटेड'चं उत्तर तयार आहे, फक्त ते शहरात पोचलेलं नाही: *सरळ वाण*. कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका उघडा, ज्वारी असो की कापूस, 'सरळ वाण' आणि 'संकरित वाण' असे दोनच रकाने दिसतील. सरळ म्हणजे ज्याचं बी पेरलं की तेच पीक पुन्हा येतं. 'मुक्त परागसिंचित' हा शब्दही काही जण वापरतात. तो मला शब्दकोशात शोभतो, बियाण्याच्या दुकानात नाही. गल्ल्यावरच्या माणसाला 'मुक्त परागसिंचित भेंडी आहे का' विचारून बघा.

आता 'वाण'. या दोन अक्षरांत तीन शब्द दाटीवाटीनं राहतात. संक्रांतीला लुटतात ते वाण 'वायना'वरून आलं. 'कशाची वाण नाही' मधली वाण म्हणजे उणीव. आणि आपलं बियाण्याचं वाण 'वर्णा'वरून: वर्ण, वण्ण, वाण. म्हणजे मुळात रंग. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आठवा. बैलाचा रंग बदलला नाही, खोडी तेवढ्या लागल्या. रंगावरून जात, जातीवरून प्रकार, असा अर्थ सरकत गेला. लिंगाबद्दल मात्र अजून एकमत नाही. 'हा वाण' आणि 'हे वाण' दोन्ही छापलेलं सापडतं, कधीकधी एकाच पानावर.

मालवणी माणूस

गावरान हा देशावरचा शब्द. आमच्याकडे तळकोकणात आणि खाली गोव्यात *गावठी* म्हणतात. गावठी अंडी, गावठी भेंडी, गावठी मिरची. बाजारात गावठी म्हटलं की दोन पैसे जास्त मोजायचे. पुण्याच्या माणसाला कौतुकानं 'गावठी' म्हणालो तर तो महिनाभर बोलला नाही!

वऱ्हाडी ठेचा

आमच्याइकडे *गावरानी*. गावरानी तूप, गावरानी आंबा. आणि एक सांगतो, 'गायरान' लिहू नका, बरेच जण लिहितात. गायरान म्हणजे गुरं चारायची जमीन. गायरान टोमॅटो म्हणाल तर गुरंच येतील खायला.

'देशी' हा शब्द जपून वापरा. कापसात देशी म्हणजे अमेरिकन नव्हे तो, वनस्पतीची प्रजातीच वेगळी. तिथं देशी हा शब्द 'जुना' किंवा 'नैसर्गिक' अशा अर्थानं येत नाही, तो काटेकोर आहे. टोमॅटोत देशी म्हणजे काय? टोमॅटो, मिरची, बटाटा, सगळा माल दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला, पोर्तुगीजांच्या काळात इकडं आलेला. वांगं मात्र खरंखुरं इकडचं.

कुंडीवाली

गावठी, देशी… दोन्ही शब्दांनंतर लोकांना आधी दारूच आठवते, हा एक वेगळाच प्रश्न!

म्हणजे सरळ आणि गावरान यांत फरक आहे? मला वाटत होतं सरळ हा गावरानचा सरकारी भाऊ.

जुना कृषी सहायक

फरक आहे, आणि तुमची फसगत तिथेच झाली. निवृत्त माणूस आहे, थोडं लांबण लावतो.

गावरान सगळं सरळच असतं. पण सरळ सगळं गावरान नसतं. 'पुसा रूबी' टोमॅटो घ्या. 'सू' नावाचा अमेरिकन वाण आणि 'इम्प्रूव्हड मेरुती' यांचा संकर करून दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत तो काढला. संकरातून निघाला, तरी तो सरळ वाण. कारण संकर एकदाच केला, मग पिढ्यान्‌पिढ्या निवड करत तो स्थिर केला. आता त्याचं बी धरा, पुसा रूबीच येईल. एफ-१ म्हणजे दोन स्थिर वाणांची पहिली पिढी, तिथेच विक्रीला काढलेली. ती सगळी एकसारखी दिसते, पण तिच्या पोटी येणारी पोरं प्रत्येक वेगळी. ताई, तुमच्या सहा रोपांनी तेच केलं.

म्हणून 'संकर' आणि 'संकरित वाण' या दोन गोष्टी एक समजू नका. आणि 'हायब्रीडचं बी वांझ असतं' हेही खरं नाही. उगवतं, चांगलं उगवतं. फक्त आईबापांसारखं निघत नाही.

जाता जाता: पुसा हे बिहारमधलं गाव. १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत पडली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला आली. नाव सोबत आलं. एका शेतकऱ्यानं मला पाकीट दाखवून विचारलं होतं, 'साहेब, हे पुसा म्हणजे फडक्यानं पुसून लावायचं का?'

शब्दपारखी

'संकर' या शब्दालाच बट्टा लागलेला आहे. मूळ धातूत नुसतं विखुरणं, मिसळणं आहे. पण गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन वर्णसंकर नरकात नेतो म्हणतो. तिथून हा शब्द आपल्याकडे बदनाम होऊनच आला. त्यामुळे 'हायब्रीड' हे शिवीसारखं वापरणाऱ्यांना मराठीत आयतं बळ मिळतं. माणसाला 'काय बेणं आहे' म्हणतो, तसंच. खरं तर बेणं किती साधा शब्द! उसाच्या कांड्या, हळदीचे गड्डे, आल्याचे तुकडे, लागवडीला वापरतात ते बेणं. बियांचं ते बियाणं. बटाट्याचं बियाणं म्हणणाऱ्याला आमचे गुरुजी वर्गात उभं करत.

वऱ्हाडी ठेचा

कृषी सहायक काका, मग एचएमटी धानाला काय म्हणाल? चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे (मराठवाड्यातलं नव्हे). तिथले दादाजी खोब्रागडे. थोडीशी शेती. १९८३ च्या सुमारास 'पटेल-३' धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, दरवर्षी निवडून पेरल्या, आणि बारीक दाण्याचा नवा वाण उभा केला. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांचा बोलबाला होता, तेच नाव धानाला पडलं. दादाजी २०१८ मध्ये गेले. आता हे वाण गावरानी की सुधारित?

जुना कृषी सहायक

सरळ नक्की. सुधारित म्हणजे निवडीनं सुधारलेलं, म्हणून सुधारितही. 'गावरान' म्हणायला मन होत नाही, पण गावातच घडलंय, हे कसं नाकारू? कायद्यानं ही अडचण सोडवली आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ मध्ये 'शेतकऱ्यांचे वाण' अशी वेगळी वर्गवारीच आहे. त्याच कायद्यानं शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा, विकायचाही हक्क आहे, फक्त ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही.

मालदांडी ज्वारीचंही तसंच. सोलापूरकडची गावरान मालदांडी, तिच्यातून मोहोळच्या केंद्रावर निवड करून 'एम-३५-१' काढली. शेतकरी दोन्हीला मालदांडीच म्हणतो आणि भाकरी करून खातो.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे 'हेअरलूम' टोमॅटो (उच्चार 'एअरलूम', ह गिळतात) नेहमीच्या तिप्पट भावानं मिळतात. शब्दातलं 'लूम' म्हणजे जुन्या इंग्रजीत अवजार. वारसाकडे जाणारं अवजार, मग दागिना, मग घड्याळ, मग टोमॅटो. कायद्यात व्याख्या नाही. कुणी पन्नास वर्षं जुना म्हणतं, कुणी दुसऱ्या महायुद्धाआधीचा. त्यामुळे मराठीत शब्द काढायचा तर त्यात वयापेक्षा घराणं यायला हवं. 'पिढीजात वाण' कसा वाटतो?

शब्दपारखी

पिढीजात चालेल. 'वारसा बियाणे' हे मी वाचलंय, पण ते शासकीय योजनेसारखं वाटतं, अर्जासोबत दोन फोटो मागतील.

बांधावरून

मी अकोले तालुक्यातली. जुन्या वाणांचं बी जपणाऱ्या राहीबाई पोपेऱ्यांचं कोंभाळणे आमच्याच तालुक्यातलं. त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली आणि 'बीजमाता' हा शब्द सगळीकडे झाला. छान आहे, पण आमच्या आजीच्या तोंडी असलं काही नव्हतं. तिच्याकडे दोनच शब्द: *घरचं बी* आणि *विकतचं बी*.

वेलावर एखादा दोडका हात न लावता सोडायची, त्याला चिंधी बांधायची. 'तो बियाला ठेवलाय.' आम्ही पोरं चुकून तोडायला गेलो तर पाठीत धपाटा. तो जून होऊन वेलावरच वाळायचा, हलवला की खुळखुळा वाजायचा. भोपळ्याच्या बिया शेणाच्या गोवरीत थापून भिंतीला चिकटवायची. वाल राखेत. मक्याची कणसं चुलीच्या वर, धुरात काळी झालेली. त्यामुळे 'हेअरलूम'ला 'घरचं बी' म्हणा, कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

जुना कृषी सहायक

मान्य. फक्त ताईंसाठी एक इशारा: घरचं बी आपोआप शुद्ध राहत नाही. टोमॅटो, वाल, चवळी बहुतेक स्वतःच्याच परागावर भागवतात, नवख्यानं तिथून सुरुवात करावी. मिरचीवर कीटक फिरतात. लवंगीशेजारी ढोबळी लावली तर यंदाची ढोबळी तिखट होत नाही, तिचं बी पुढच्या वर्षी बोलतं. लाल भोपळा तर मधमाश्यांच्याच हातात. उद्या उमलणारी मादी कळी संध्याकाळी दोऱ्यानं बांधायची, सकाळी सोडून नर फुलाचा पराग हातानं लावायचा, पुन्हा बांधायचं. इतकं केलं नाही तर वेगळं रोप दिसताच उपटायचं. त्याला आमच्या खात्यात 'भेसळ काढणे' म्हणतात. किराणा दुकानातली भेसळ आणि ही भेसळ एकच शब्द.

कुंडीवाली

म्हणजे मी तीन वेगळे प्रश्न एका शब्दात कोंबत होते. देशी: कुठून आलं. गावरान: कुणी सांभाळलं. सरळ: पुढच्या वर्षी कसं वागेल. दुकानात तिसराच विचारायला हवा होता.

काल विचारला. 'सरळ वाण आहे का, मेथी आणि भेंडीत?' मुलगा आत गेला, मालकांना घेऊन आला. मालकांनी चष्म्यावरून बघितलं, 'शेती कुठं आहे तुमची?' म्हटलं, तिसऱ्या मजल्यावर. पाकिटावर हिरवी खूणचिठ्ठी होती, 'सत्यप्रत बियाणे'. मला वाटलं तलाठ्याचा शिक्का मारून आणलंय!

जुना कृषी सहायक

हा हा. सत्यप्रत म्हणजे उत्पादकानं स्वतःच्या जबाबदारीवर लेबल लावलेलं. प्रमाणीकरण यंत्रणेनं तपासलेल्या *प्रमाणित* बियाण्याची चिठ्ठी निळी, त्याच्या आधीच्या *पायाभूत*ची पांढरी, *पैदासकार*ची (वाण काढणाऱ्याकडच्या मूळ बियाण्याची) पिवळी. रंग दर्जाच्या तपासणीचा, वाण सरळ की संकरित ते वेगळं वाचायचं. संकरित बियाणंही प्रमाणित असतं.

बांधावरून

कुंडीवाली ताई, आमच्याकडे वाल आहे, पांढऱ्या दाण्यावर काळी शीर असलेला. आजीपासूनचा. पत्ता खासगीत कळवा, पोस्टानं पाठवते. आल्यावर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून चार-पाच दिवस ठेवा. सात-आठांना मोड आले तर लावा. कमी आले तर सांगा, या वर्षीचं उतरवतेय, त्यातलं देईन.

कुंडीवाली

दहापैकी नऊ. बरणीवर चिठ्ठी लावली: 'वाल, काळी शीर, सरळ, घरचं (अकोले)'.