मदत हवी आहे: ओपिनेल 8 नंबर, कार्बनचा घ्यावा की स्टेनलेसचा? (संत्र्याची बाग, रोज खिशात)

वावरातला :

नमस्कार मंडळी. प्रश्न लहान आहे, पण पंधरा दिवसांपासून डोक्यात ठाण मांडून बसला आहे.

भाचा पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीत येताना तो माझ्यासाठी ओपिनेलचा 8 नंबरचा घडीचा चाकू आणणार आहे. परवा फोनवर म्हणाला, "मामा, कार्बन आणू की स्टेनलेस? लवकर सांगा." तेव्हापासून व्हिडिओ पाहून राहिलो आहे आणि जितके पाहतो तितका गोंधळ वाढतो. व्हिडिओवाले एकतर जंगलात लाकडाचे छिलके काढतात, नाहीतर टमाटर कापतात. माझ्या कामाचं कोणीच बोलत नाही.

दोन्ही चाकू शेजारी ठेवले तर चटकन ओळखू येऊ नयेत इतके सारखे. साडेआठ सेंटीमीटरचं पातं, बीचच्या लाकडाची मूठ, तोंडाशी फिरणारी कडी (तेच पात्याचं कुलूप), वजन 50 ग्रॅमच्या आत. फरक काय तो पोलादाचा.

माझी वरुड तालुक्यात संत्र्याची बाग आहे. दिवसातून वीसदा चाकू लागतो. ठिबकची 16 एमएमची नळी, सुतळी, खताच्या पोत्याची शिवण, डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) झालेल्या झाडाची साल खरडणं, दुपारी भाकरीसोबत कांदा आणि हंगामात संत्रं. सलीसाठी, म्हणजे वाळक्या फांद्यांसाठी, सिकेटर (छाटणीची कात्री) आहे, फांद्या चाकूने कापत नाही. चाकू पँटच्या खिशात असतो, म्हणजे घाम आलाच.

कुलूप पाहिजेच, कारण मागच्या वर्षी ऑनलाइन एक स्वस्तातला घडीचा चाकू घेतला होता. नळी कापताना पातं अडकलं, मी जरा उलटं ओढलं, कुलूप सुटलं आणि पातं तर्जनीवर मिटलं. 3 टाके. विकणाऱ्याने चाकू परत घेतला नाही, उलट "वापर चुकीचा झाला" असं कळवलं. बायको अजूनही चाकू म्हटलं की आधी माझ्या हाताकडे पाहते.

त्याआधी आबांचा चाकू होता. गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यातून करून दिलेला, काळा कुळकुळीत. आबांच्या खिशात चाळीस वर्षं राहिला, कधी गंजला नाही. माझ्याकडे आला आणि दोन पावसाळ्यांत पात्याला खड्डे पडले. म्हणून कार्बनची भीती. पण तशी धार नंतर कोणत्याच चाकूला पाहिली नाही, म्हणून कार्बनचा मोहही.

एकच घ्यायचा आहे. काय सांगू भाच्याला?

सानवाला :

स्टेनलेस. विषय संपला.

वावरातला :

भाऊ, का तेही सांगा ना.

सानवाला :

घाम.

खटपट्या_नागपूर :

घाम हे कारण खरं आहे, पण अर्धं. माझ्याकडे दोन्ही आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

धारेचं आधी. कार्बनचं पातं अंगणातल्या साध्या दगडावरही पटकन धार घेतं. स्टेनलेसला दगडावर थोडा जास्त वेळ द्यावा लागतो, इतकंच. ओपिनेलचं स्टेनलेस म्हणजे स्वयंपाकघरातल्या गुळगुळीत सुरीचं स्टील नव्हे. ते स्वीडनच्या सँडविकचं 12सी27 जातीचं, बारीक दाण्याचं पोलाद आहे. सुतळी नाहीतर नळी कापताना डोळे मिटून दोन्ही हातात दिले तर कोणता कोणता हे मलाही सांगता येणार नाही.

फरक कळतो तो तुमच्या संत्र्यात. कार्बनच्या नव्या पात्याने संत्रं कापून पाहा. पाच मिनिटांत पात्यावर निळसर-करडे ढग उमटतात आणि फोडीला लोखंडाचा वास येतो. आंबट रस लोखंडाला चावतो, त्याचा तो वास. वीसेक फळं कापली की पातं सगळीकडून काळं होतं आणि मग वासही कमी होतो. पण काळं पडणं वेगळं, गंजणं वेगळं. काळा थर पात्याला चिकटून बसतो आणि थोडीफार राखणही करतो. लाल गंज मात्र आत पोखरत जातो. तुमच्या चाकूला खड्डे पडले ते या लाल गंजाचे.

आता मला एक सांगा. चाकू वापरून झाला की आबा काय करायचे?

वावरातला :

धोतराला पुसायचे. कांदा चिरला की पुसला, सुतळी कापली तरी पुसला. कधीकधी तर काही न कापताही पुसायचे, बसल्या बसल्या.

खटपट्या_नागपूर :

आणि तुम्ही?

वावरातला :

मी तसाच मिटून खिशात टाकतो.

खटपट्या_नागपूर :

मग स्टेनलेस. सानवाल्यांचं उत्तर बरोबर होतं, त्यांनी फक्त टाइप करायचा कंटाळा केला.

पण तुम्ही जे विचारलं नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. पोलाद कोणतंही घ्या, मूठ लाकडाचीच. पावसाळ्यात बीचचं लाकूड पाणी पितं आणि फुगतं. फुगलं की खाच आवळली जाते आणि पातं नखाने ओढलं तरी बाहेर येत नाही. माझा ऑगस्टमध्ये एकदा असा अडकला की पकडीने काढायची वेळ आली होती. मग कोणीतरी सांगितलं, मुठीचं मागचं टोक दगडावर ठोका. ठोकलं की पातं बोटाच्या पेराइतकं वर उचलतं. जिथे 1890 पासून हा चाकू बनतो त्या फ्रान्सच्या साव्होय भागातही लोक असंच ठोकतात. उलट आपल्या मे महिन्यात लाकूड सुकून आकसतं आणि पातं ढिलं लागतं. तिथे स्क्रू नाही, आरपार ठोकलेली खीळ आहे, त्यामुळे कसता येत नाही. घाबरू नका, पहिल्या पावसानंतर आपोआप घट्ट होतं.

उपाय जवसाचं तेल. आपल्याकडे मिळतं, वेगळं काही मागवायला नको. मूठ कोरडी असताना, म्हणजे आता दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्यात, बाहेरून आणि आतल्या खाचेतही चोळून जिरवा. दोन-तीन हात द्या. फुगणं पूर्ण थांबत नाही, पण पकड लागत नाही.

कडीबद्दल निश्चिंत राहा. ती पात्याच्या बुडाशी फिरून आडवी येते. 1955 साली ही कडी आली आणि 2000 नंतरच्या चाकूंमध्ये मिटलेलं पातंही तिने बंद करता येतं, म्हणजे खिशात उघडणार नाही. फक्त उघडल्यावर ती हाताने फिरवावी लागते. फिरवायची विसरलात तर कुलूप नसल्यासारखंच आहे, आणि तुमचं बोट आधीच एकदा शिवून झालंय.

आणखी एक, आठवडी बाजारातल्या इलेक्ट्रिक सानेवर हा चाकू देऊ नका. ठिणग्या उडतात तेव्हा पातळ धार तापून निळी पडते. निळी पडली की तिथलं पाणी उतरलं, मग धार टिकत नाही. (सानवाला, राग मानू नका.)

सानवाला :

राग कसला, खरंच आहे. मी पाण्यात बुडवून बुडवून लावतो. सगळे नाही लावत.

बागाईतदार_नाशिक :

विषयांतर होईल, पण स्विस चाकू का नाही पाहिला? व्हिक्टोरिनॉक्सचा स्पार्टन. प्लास्टिकची मूठ, फुगायचा प्रश्न नाही, आणि दोन पाती, ओपनर, पेचकससारखं टोक, सगळं एकात. द्राक्षबागेत आठ वर्षांपासून वापरतोय.

खटपट्या_नागपूर :

चाकू उत्तम, पण त्याच्या पात्याला कुलूप नाही, नुसती स्प्रिंग आहे. साल खरडताना जोर पात्याच्या पाठीकडून आला तर तो मिटू शकतो. यांचे 3 टाके लक्षात घ्या.

बाप्पू_मोर्शी :

भाऊ, सारे जण पोलादावर बोलून राह्यले, मोरचुदाचं (कॉपर सल्फेट) कोणी बोलूनच नाही राह्यलं.

आता पावसाळा सरला. तू डिंक्याची साल खरडून बोर्डोपेस्ट, म्हंजे बुरशीवरचा लेप, लावत असशीन. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पानी. चुना कमी पडला का मोरचूद लोखंडाले खाते, म्हून आपन लोखंडी बकेटीत पेस्ट करत नाही. आमी पेस्ट झाली का त्यात इळा बुडवून पाह्यतो. इळ्यावर तांब्यावानी लाल थर चढला का समजाचं, चुना कमी हाय, अजून टाक. इळा होता तसाच निंघाला त पेस्ट बरोबर. हे परीक्षा साध्या लोखंडावरच होते, ष्टीलवर भरोसा नाही.

आता तुले वाटन बाप्पू कार्बन घे म्हनते. नाही म्हनत. परीक्षेले इळा हाय ना घरी. तू पेस्टीच्या हातानं चाकू धरशीन, पुसशीन नाही, आन खिशात टाकशीन. कार्बनचं पातं आठ दिवसात लाल होईन. ष्टील जरा जास्त दम धरन, पन त्याचाही अंत पाहू नको.

आन सगळ्यात मोठी गोष्ट. ज्या चाकूनं डिंक्या खरडला त्याच चाकूनं कांदा चिरतं का बापा? मोरचूद पोटात जाईन. रोग बी चाकूसंगं या झाडावरून त्या झाडावर जाते. तुह्या आबाचा खड्डे पडलेला चाकू हाय ना? तो डिंक्यासाठी अलग ठेव. दर झाडाले पुसत जाय. नवा चाकू कांद्याले, नळीले आन सुतळीले.

वावरातला :

बाप्पू, मी तर खरंच त्याच चाकूने कांदा चिरत होतो. आत्ता लिहितानाही पोटात कसंसं झालं.

खटपट_नाही_करत :

कायद्याचं कोणी बोलले नाही म्हणून थोडक्यात. शस्त्र नियमांमध्ये पात्याची मर्यादा 9 इंच लांबी किंवा 2 इंच रुंदी अशी आहे, आणि घरगुती व शेतीच्या कामासाठी बनवलेल्या हत्यारांना त्यातही वगळलं आहे. साडेआठ सेंटीमीटर म्हणजे साडेतीन इंचही नाही. पण सणासुदीला, निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतो, त्यात सुरी बाळगण्यावरही बंदी येते. तेव्हा तालुक्याला जाताना, मिरवणुकीत किंवा कचेरीत जाताना चाकू वावरातच राहू द्या. भाचा विमानाने येणार असेल तर सामानात टाकायला सांगा, हातातल्या बॅगेत नाही.

वावरातला :

तो बसनेच येतो, पण सांगून ठेवतो.

ठरलं मग, स्टेनलेस. खरं सांगायचं तर मनात कार्बनच होता. आबांसारखा चाकू हवा होता. पण आबांची पुसायची सवय काही भाचा पुण्याहून आणून देणार नाही.

वावरातला (तीन आठवड्यांनी) :

चाकू आला. भाऊबीजेच्या दिवशी भाच्याने खोक्यातून काढला तर बायकोने मधल्यामध्ये घेतला. पातं उघडलं, कडी फिरवली आणि पात्याची पाठ ओट्याच्या कडेवर दाबून पाहिली. मिटलं नाही. कडी उलटी फिरवून मिटवला, पुन्हा उघडला, पुन्हा दाबला. असं चारदा. मग माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "कडी फिरवायची विसरू नका."

आबांचा चाकू आता बांधावरच्या खोलीत पेस्टच्या प्लास्टिक बकेटीजवळ खिळ्याला टांगलेला आहे. त्यावर मी लाल दोरा बांधला, म्हणजे कोणी कांद्याला घेणार नाही.

एकच शंका राहिली. घाण्यावरचं कच्चं जवसाचं तेल मुठीला चालतं का, की उकळून लावायचं?

खटपट_नाही_करत :

खटपट्याभाऊ, हा प्रश्न तुमचा.

खटपट_नाही_करत :

(आणि माझं नाव पाहून कोणी हसू नका, आधी मी नाव घेतलं होतं.)

खटपट्या_नागपूरच्या_वतीने_सानवाला :

ते आज लग्नाला गेलेत, मी सांगतो. कच्चंच लावा, घरी उकळायच्या भानगडीत पडू नका. पातळ हात द्या, जास्तीचं पुसून घ्या आणि सुकायला आठवडा तरी द्या, नाहीतर मूठ चिकट राहते. ज्या चिंधीने लावाल ती बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची चिंधी सुकताना आतून तापते आणि कधीकधी आपोआप पेट घेते. पाण्यात भिजवून टाका, नाहीतर दोरीवर मोकळी पसरवून वाळवा.