मदत हवी आहे: जुनी फ्रेंच खुर्ची 'लुई पंधरावा'च्या काळातली आहे की नंतरची नक्कल?

नमस्कार मंडळी. मी फ्रान्समध्ये लिऑनला राहते. गेल्या महिन्यात गल्लीतल्या लोकांनी माळ्यावरचं सामान विकायला काढलं होतं, तिथून हातांची एक जुनी खुर्ची १८० युरोंना उचलून आणली. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजीची आहे, लुई कँझ." म्हणजे लुई पंधरावा. त्याची कारकीर्द १७१५ ते १७७४, म्हणजे खुर्ची अडीचशे वर्षांची झाली. १८० युरोंत? आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाली, "एवढ्या पैशात इथे सागवानी खुर्ची नवी करून मिळाली असती." असो.

माझे आजोबा सुतार होते, त्यामुळे लाकडाकडे बघायची थोडी सवय आहे, पण ही घडण माझ्या ओळखीची नाही. दिसतंय ते असं: लाकूड अक्रोडाचं. सरळ रेघ कुठेच नाही, पायसुद्धा नागमोडी. पायांना जोडणारी आडवी पट्टी नाही. पाठीच्या माथ्यावर आणि बैठकीच्या पुढच्या पट्टीवर दोन-दोन फुलं कोरली आहेत. पाठ आतून खोलगट आहे, म्हणजे इथले लोक जिला 'काब्रिओले' म्हणतात ती. (सपाट पाठीची ती 'आ ला रेन'. हाताखालची बाजूही गादीने बंद असली तर 'बेर्झेर'. एवढं गेल्या महिन्यात शिकले.) हात बैठकीच्या पुढच्या कडेपासून बरेच मागे सुरू होतात. त्या काळच्या बायकांचे फुगीर घागरे मावावेत म्हणून ही सोय. ही सगळी लक्षणं लुई पंधराव्याच्या शैलीचीच आहेत. लुई सोळाव्याची असती तर पाय सरळ, खाली निमुळते, उभ्या पन्हळी कोरलेले आणि वर चौकोनात फूल असं असतं.

पण खालचं काळं कापड फाटलंय आणि आत स्प्रिंगा दिसतात! बनवणाऱ्या सुताराचा शिक्का कुठेच नाही. मागच्या एका पायाला बारीक भोकं आहेत.

गादीकाम करणाऱ्या कारागिराने (इथे 'तापिसिए') दोन दर दिले: फोम भरून ४५० युरो, घोड्याचे केस भरून ९५० युरो. शिवाय तो म्हणतो, "स्प्रिंगा नंतर कुणीतरी घुसवल्यात, काढून टाकू, खुर्ची मूळ रूपात येईल."

माझे प्रश्न: शिक्का नाही म्हणजे नक्कल का? स्प्रिंगा काढू द्याव्यात का? आणि भोकांचं काय करू?

प्रतिसाद १
आधी शिक्क्याचं. शिक्का मारण्याची सक्ती पॅरिसच्या सुतारसंघाची, १७४३ च्या नियमांची. राजासाठी काम करणाऱ्यांना त्यातूनही सूट होती. १७९१ मध्ये संघच बरखास्त झाले. लिऑनवर तो नियम लागू नव्हता. तरी तुमच्याच गावचा पिएर नोगारे (१७१८–१७७१) आपल्या खुर्च्यांवर 'नोगारे आ लिऑन' असा ठसा उमटवायचा, आणि त्याचं आवडतं लाकूडही अक्रोडच. म्हणून शिक्का नाही यावरून काहीच ठरत नाही. असता तरी मी लगेच विश्वास ठेवला नसता, खोटे शिक्के पैशाला पासरी.

कोरीवकामाकडे बघू नका, खुर्ची उलटी करा. नेपोलियन तिसऱ्याच्या काळात (१८५२–७०) या शैलीच्या नकला भरपूर झाल्या आणि त्यातल्या कित्येकांचं नक्षीकाम उत्तम आहे. खरं कळतं ते जिथे कुणी बघणार नाही तिथे. बैठकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला करवतीच्या खुणा बघा. हातकरवतीच्या सरळ आणि जराशा वेड्यावाकड्या असतात. कमानीसारख्या गोल असतील तर गोल पात्याची यांत्रिक करवत, म्हणजे एकोणिसावं शतक.

दुसरी खूण त्याहून पक्की. अठराव्या शतकात स्प्रिंगा नव्हत्या, त्यामुळे गादीखालचे पट्टे चौकटीच्या वरच्या अंगाला खिळ्यांनी ठोकत. स्प्रिंगा आल्यावर त्यांना जागा हवी म्हणून पट्टे चौकटीच्या खालच्या अंगाला गेले. तुमच्या तापिसिएचं म्हणणं खरं असेल तर वरच्या अंगालाही पट्ट्यांच्या खिळ्यांची जुनी भोकं सापडायला हवीत. मागचा एक कोपरा हळूच उसवून बघा.

प्रतिसाद २
भोकांखाली काळा कागद ठेवा आणि काही आठवडे वाट बघा. फिकट ताजा भुसा पडला तर भुंगा जिवंत आहे, लगेच औषध करा आणि तोवर बाकी फर्निचरपासून लांब ठेवा. आणि एक बघा: भोकं गोल आहेत की पृष्ठभागावर उघडे पडलेले लांबट चर आहेत? किडा आतून पोखरतो आणि बाहेर पडताना गोल भोक पाडतो. चर उघडा दिसला तर लाकूड आधी किडलं आणि नंतर तासलं गेलं, म्हणजे जुन्या लाकडातून 'जुनी' खुर्ची बनवली असण्याची शक्यता.

फोम अजिबात नको. दहा-पंधरा वर्षांत त्याचा चुरा होतो. घोड्याचे केस पिंजून परत वापरता येतात, तेव्हा आतले केस चांगले असतील तर ९५० कशाचे म्हणून विचारा!

धागाकर्ती
दोघांचे आभार. काल रात्री टॉर्च घेऊन बसले. मागचा कोपरा उसवला: वरच्या अंगाला फक्त कापडाच्या बारीक खिळ्यांची एक ओळ आहे, पट्ट्यांची भोकं नाहीत. खालच्या अंगाला मात्र दोनदा पट्टे ठोकल्याच्या खुणा. आणि करवतीच्या खुणा गोल, अगदी स्पष्ट. लाकडाचे सांधे (कुसू आणि खाच) छान बसवलेत, मेखाही लाकडी आहेत, पण सगळ्या एकसारख्या गुळगुळीत, हाताने तासलेल्या वाटत नाहीत. पायाची भोकं गोलच आहेत. काळ्या कागदावर अजून काही नाही.

म्हणजे आजीच्या आजीची असेल फार तर. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग स्प्रिंगा मूळच्याच ना?

प्रतिसाद १
मूळच्याच. त्या काढल्या तर तुमचा कारागीर १८६० च्या आसपासच्या धडधाकट खुर्चीची १७६० ची खोटी खुर्ची करील. सैल झाल्या असतील तर सुतळीने पुन्हा बांधून घ्या, आणि खालचे पट्टे नवे टाका.

धागाकर्ती
त्याला आज फोन केला. "मादाम, लुई कँझला स्प्रिंगा शोभत नाहीत" म्हणाला. शनिवारी खुर्ची घेऊन जाते आणि त्याच्यासमोर उलटी ठेवते.