फोर्डच्या मस्टँगचं नाव आणि चार सिलिंडरचं इंजिन: ही गिऱ्हाइकाची फसवणूक नाही का?

घाटरस्ता

गाडीच्या पाठीवर डकवलेल्या अक्षरांना काही अर्थ असावा की नाही? माझ्या मते असायलाच हवा, आणि स्वस्त वेगवान गाड्या विकणाऱ्या अमेरिकन कंपन्यांनी तो हळूहळू घालवला.

1964 ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ घ्या. मधल्या आकाराच्या गाडीत 330 घनइंचांहून (सुमारे 5.4 लिटर) मोठं इंजिन घालायचं नाही, असा तिची मालक कंपनी जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता. तिथले मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि मंडळींनी त्यातून वाट काढली. त्याच कंपनीच्या साध्या टेम्पेस्ट लेमान्स गाडीवर सुमारे 300 डॉलरचं 'ऑप्शन' म्हणून त्यांनी 389 घनइंचांचं इंजिन दिलं. नोकरीला लागलेल्या पोराला परवडेल अशी गाडी, आणि ती तीन अक्षरं दिसली की आत काय आहे ते कळायचं.

1968 ची प्लिमथ रोडरनर तर आणखी सरळ. आत कार्पेट नाही, पुढे एकसंध बाक. पण 383 घनइंचांचं इंजिन आणि चार गिअर, तेही 2,896 डॉलरपासून. कार्टूनमधल्या पक्ष्याच्या नावासाठी कंपनीने वॉर्नर ब्रदर्सना 50 हजार डॉलर मोजले आणि हॉर्नही 'बीप बीप' वाजेल असा बसवला. जाहिरात भडक होती खरी, पण गिऱ्हाइकाचा पैसा कुठे गेला ते बॉनेट उघडलं की दिसायचं.

आता 1978 ची मस्टँग टू किंग कोब्रा बघा. बॉनेटभर नागाचं चित्र, आणि त्याखाली 4.9 लिटरच्या व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरच्या, इंजिनातून मिळणारी जेमतेम 139 अश्वशक्ती. 2015 च्या चार सिलिंडरच्या मस्टँगमध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाढवून केबिनमध्ये सोडला. 2019 मध्ये तेच नाव चार दारांच्या विजेवरच्या एसयूव्हीला दिलं. ही मस्टँग मॅक-ई गाडी म्हणून चांगलीच आहे, पण तिला स्वतःचं नाव द्यायला काय हरकत होती?

मिशिगनवासी

पूर्ण असहमत. तुम्ही ज्याला बिघाड म्हणताय तो मस्टँगचा पायाच आहे.

17 एप्रिल 1964 ला मस्टँग आली तेव्हा 2,368 डॉलर किंमत सगळ्यांच्या तोंडी झाली. त्या किमतीत काय मिळायचं? सहा सिलिंडरचं, 101 अश्वशक्तीचं इंजिन. खालचा सांगाडा बराचसा फाल्कनचा, म्हणजे घरगुती वापराच्या साध्या गाडीचा. फोर्डच्या ली आयकोका यांचं डोकं चाललं ते पुढे: लांब बॉनेट, आखूड पाठ, आणि भलीमोठी ऑप्शनची यादी. शाळेतल्या बाईंनी सहा सिलिंडरची घ्यावी, त्यांच्या भावाने व्ही-एट घ्यावी, दोघांच्या गाडीवर मस्टँगच्या घोड्याचं चिन्ह तेच. पहिल्या वर्षभरात चार लाखांवर गाड्या खपल्या. साधं इंजिन घेणाऱ्यांनी गाडी जगवली, म्हणून व्ही-एटवाल्यांना ती स्वस्तात मिळाली. हे उपकार विसरू नका.

माझ्याकडे 2015 ची इकोबूस्ट, म्हणजे तीच चार सिलिंडरची मस्टँग आहे. 2.3 लिटर, 310 अश्वशक्ती. 2010 ची मस्टँग जीटी व्ही-एट होती आणि तिची ताकद 315. सिलिंडर मोजून गाडी ओळखायचे दिवस गेले. लेकीला कॉलेजात सोडायला याच गाडीने गेलो, आणि वाटेत तिने विचारलं, "बाबा, मी चालवू?" ते सुख मला परवडलं, कारण स्वस्त मस्टँग होती.

जुनी_कात्रणं

घाटरस्ता, जीटीओला एवढं सोवळं नेसवू नका. ते नाव फेरारीकडून उचललेलं. जीटीओ म्हणजे 'ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो'; त्यातलं 'ओमोलोगातो' म्हणजे शर्यतीसाठी मान्यताप्राप्त, आणि पॉन्टिअ‍ॅकचा त्या मान्यतेशी काही संबंध नव्हता. 1964 मध्ये 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने जीटीओला फेरारीसमोर उभं केलं आणि त्या अंकाने गाडीचा बोलबाला झाला. पॉन्टिअ‍ॅकची जाहिरात सांभाळणाऱ्या जिम वँगर्स यांनी पुढे कबूल केलं की चाचणीच्या गाडीत 389 नव्हे, 421 घनइंचांचं इंजिन होतं. स्पीकरमधला आवाज याच्यापुढे फार लहान गुन्हा आहे.

घाटरस्ता

421 ची गोष्ट मान्य. ती लबाडीच होती आणि मी तिची बाजू घेणार नाही. पण दुकानात गेलेल्या माणसाला जाहिरातीत लिहिलेलं 389 मिळत होतं. माझा आग्रह तेवढ्याचाच आहे.

पंचगंगा

आपल्याकडे हा घोळ वेगळ्या कारणाने होतो. फोर्डने 2016 मध्ये भारतात मस्टँग आणली ती फक्त पाच लिटरची व्ही-एट, 65 लाखांना. त्यामुळे कोल्हापुरात मस्टँग म्हटलं की बिल्डरची गाडी. तिकडे ती नर्सची, शिक्षकाची, नुकत्या पदवीधराची गाडी आहे हे आपल्याला जाणवतच नाही, आणि मग चार सिलिंडर ऐकलं की आपण नाक मुरडतो.

आणखी एक. 1970 च्या आसपास अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी मोठ्या इंजिनांवर, त्यातही तरुण चालकांवर, जबर हप्ते लावले. गाडीच्या हप्त्यावर विम्याचा हप्ता बसला की पंचविशीतल्या पोराने काय करायचं? पट्टे ओढलेली, लहान इंजिनाची गाडी घेणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. त्याला तेवढंच शक्य होतं.

मिशिगनवासी

हेच म्हणतोय. आणि 1964 चे 2,368 डॉलर म्हणजे आजचे साधारण 24 हजार. आजची सगळ्यात स्वस्त मस्टँग 30 हजारांच्या वर आहे. मस्टँगच्या स्पर्धक कमॅरो आणि चॅलेंजर दोन्हींचं उत्पादन 2023 च्या डिसेंबरात थांबलं. अक्षरांच्या शुद्धतेवर भांडताना, सामान्य माणसाला घेता येईल अशी गाडीच उरणार नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

घाटरस्ता

ती काळजी मलाही आहे, आणि लेकीची गोष्ट वाचून बरं वाटलं. चार सिलिंडरला मस्टँग म्हणा, मी माघार घेतो. एसयूव्हीबद्दल मात्र नाही. आणि त्या चार सिलिंडरला तिचा स्वतःचा आवाज करू द्या. टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची, शीळ ऐकायला मला आवडेल. ती स्पीकरखाली दाबून टाकली की कंपनीलाच तिची लाज वाटते असं दिसतं, आणि 310 अश्वशक्तीच्या इंजिनाची लाज कशाला?