दिव्यांग विद्यार्थी आणि महाविद्यालयाची पायरी : आपले अनुभव सांगा

डिचोलीची_मावशी :
काल भाचीचा पदवी प्रवेशाचा अर्ज भरताना 'दिव्यांगत्वाचा प्रकार' हा रकाना आला आणि माझा हात थांबला. 1997 साली मी पणजीतल्या एका महाविद्यालयात गेले, तेव्हा माझ्या पायांना कॅलिपर (आधाराच्या धातूच्या पट्ट्या) होते आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. 1995 च्या अपंगांसाठीच्या कायद्याने 3 टक्के जागा राखीव होत्या, हे मला पदवी हातात पडल्यावर कळले. रोज 44 पायऱ्या मी कठड्याला धरून चढत असे आणि (हे मी घरी कधीच सांगितले नाही) दिवसभर पाणी पीत नसे, कारण स्वच्छतागृह तळमजल्यावर होते. भाची व्हीलचेअर वापरते. 2016 च्या कायद्यामुळे आता सरकारी आणि अनुदानित संस्थांत 5 टक्के जागा आहेत, वयातही 5 वर्षांची सवलत आहे, पण तिने माझ्यासारखे तहानलेले राहू नये एवढीच माझी इच्छा आहे. प्रवेशाआधी काय काय विचारून घ्यावे, ते कृपया लिहा.

फोंड्याचा_वाचक :
मावशी, मला अंधूक दिसते, म्हणून लेखनिकाविषयी, म्हणजे परीक्षेत आपण सांगू ते उत्तर लिहून देणाऱ्याविषयी, लिहितो. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मला दर तासामागे 20 मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळे. लेखनिक आपणच आणायचा असेल तर तो आपल्यापेक्षा एक पायरी खालचे शिक्षण घेतलेला असावा, असा नियम होता. त्यामुळे शेजारची बारावीतली मुलगी येई. अर्थशास्त्राच्या पहिल्याच पेपरात मी तिला मागणीचा वक्र शब्दांनी सांगितला, तिने तो उतरता काढण्याऐवजी चढता काढला, आणि ते मला उत्तरपत्रिका तपासून आल्यावर समजले. पुढच्या परीक्षेआधी आम्ही आठवडाभर रोज संध्याकाळी आकृत्यांचा सराव केला. लेखनिकाशी पहिली भेट परीक्षेच्या दालनात व्हावी, हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे.

सांगेकर_बाबा :
माझ्या मुलाला लिहिण्याची अडचण आहे, पण प्रमाणपत्रावर त्याचे दिव्यांगत्व 40 टक्के भरत नाही. त्याला लेखनिक मिळेल का?

फोंड्याचा_वाचक :
बाबा, 40 टक्क्यांची अट राखीव जागेसाठी आहे. केवळ तेवढ्यावरून लेखनिक नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले आहे. अर्ज मात्र लेखी द्या आणि पोच घ्या.

म्हापशाची_आई :
माझ्या मुलाला ऐकू येत नाही. तो ओठ वाचतो. घरी मराठी, मित्रांत कोंकणी आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांचे ओठ त्याला वाचावे लागतात. त्यातच प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की त्याचा तास तिथेच संपतो. सांकेतिक भाषेचा दुभाषी आम्हाला मिळाला नाही. एका बाईंनी मात्र आपली टिपणे आदल्या दिवशी फोनवर पाठवायला सुरुवात केली आणि त्या एका विषयात तो वर्गात प्रश्न विचारू लागला. त्या बाईंना हे कोणी सांगितले नव्हते, त्यांनी मुलालाच विचारले होते, "तुला काय हवे?" त्यांची आठवण आली की आजही माझे डोळे भरून येतात.

कदंबाचा_प्रवासी :
रॅम्प आहे का, एवढेच विचारून थांबू नका. एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी हवी. आमच्याकडचा एवढा उभा होता की मला मागून दोघांनी ढकलावे लागे. वेळापत्रक ठरण्याआधी अर्ज दिला, तेव्हा आमचा वर्ग तळमजल्यावर आला, आणि त्यासाठी एक पैसाही खर्च झाला नाही.

डिचोलीची_मावशी :
सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी भाचीला घेऊन जाते. वर्ग तळमजल्यावर घेण्याचा अर्ज आजच लिहून ठेवला आहे, आणि स्वच्छतागृहाचे दार मोजायला टेप पर्समध्ये टाकली आहे.