मदत हवी आहे: कॅरममधल्या संवेगाचा हिशेब अडलाय

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, सध्या संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत चाललाय (टक्करीआधी आणि नंतर एकूण संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, तेवढाच राहतो). बंदूक आणि गोळीचं तेच ते उदाहरण नको म्हणून मी कॅरम बोर्ड काढला आणि स्वतःच फसलो.

स्ट्रायकर १५ ग्रॅम, सोंगटी साधारण ५ ग्रॅम. स्ट्रायकर सेकंदाला २ मीटर वेगाने सरळ सोंगटीवर आदळला, म्हणजे १५ गुणिले २, संवेग ३०. नंतर स्ट्रायकर १ मीटरने आणि सोंगटी ३ मीटरने गेली, तर १५ अधिक १५. जुळलं! तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, दोघं चिकटून दीड मीटरने गेले तरी ३०च येतात की."

बरोबरच आहे तिचं. मग खरं उत्तर कशावरून ठरवायचं? गतिज ऊर्जाही (गतीमुळे असलेली ऊर्जा) बघावी लागते एवढं आठवतं, पण तिला ते सोपं करून कसं सांगू?

दुसरं म्हणजे, सोंगटी कडेला आपटून उलटी येते तेव्हा संवेगाची दिशाच बदलते. तो फरक बोर्डाला मिळाला म्हणावं, तर बोर्ड जागचा हलत नाही. (पावडर भरपूर टाकलीय, घर्षणावर ढकलू नका!)

मोबाइलच्या स्लो मोशनवर मोजता येईल असा घरगुती प्रयोग कुणी केलाय का?